घरी फिंच पाळताना : पक्षी कोणता घ्यावा, वाटी कशी तपासावी, आजार कसा ओळखावा

पिंजऱ्यातली वाटी दाण्यांनी काठोकाठ भरलेली दिसते. घरातले निश्चिंत असतात. सकाळी बघतात तर फिंच तळाशी मरून पडलेला. "काल तर चांगला उड्या मारत होता, काय झालं कळलंच नाही," असे म्हणून घरचे हळहळतात. अनेकदा कारण त्या वाटीतच असते. फिंच दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच टाकतो. दोन दिवसांत वाटीत वरचा सगळा थर फोलपटांचा होतो. लांबून ती भरलेली वाटते, पण खायला काहीच उरलेले नसते.

फिंच पाळण्यातली मेख इथेच आहे. हा पक्षी पोपटासारखा ओरडून भूक सांगत नाही, कुत्र्यासारखा जवळ येत नाही. आजारी असला तरी शेवटपर्यंत ठणठणीत असल्यासारखा वागतो. त्यामुळे तो हातात घेऊन नव्हे, नीट पाहून पाळायचा पक्षी आहे. रोज पाच मिनिटे पिंजऱ्यासमोर शांत उभे राहण्याची तयारी असेल, तरच फिंच घरी आणावा.

फिंच म्हणजे नेमका कोणता पक्षी?

दुकानात "फिंच" म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा झेब्रा फिंच असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ भागातला. लांबी जेमतेम १० ते ११ सेंटीमीटर, वजन साधारण १२ ते १५ ग्रॅम. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्यावर बारीक काळे-पांढरे पट्टे आणि बाजूला तपकिरी पट्ट्यावर पांढरे ठिपके असतात. चोच लालभडक असते. मादी साधी राखाडी, चोच फिकट नारिंगी. पूर्ण पांढऱ्या फिंचमध्ये मात्र नर-मादी चोचीच्या रंगावरूनच ओळखावी लागते. चांगली काळजी घेतली तर हा पक्षी पाच ते सात वर्षे सहज जगतो.

दुसरा प्रकार बंगालीज किंवा सोसायटी फिंच. नाव बंगालचे असले तरी तो जपानमध्ये सुमारे अडीचशे वर्षांत माणसाने तयार केलेला पाळीव पक्षी आहे. त्याचा रानटी पूर्वज म्हणजे पांढऱ्या पाठीची मुनिया. या मुनियेचे थवे आपल्याकडे कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात दिसतात. बंगालीज स्वभावाने शांत असतो. नर-मादी दिसायला सारखेच. गातो तो नर. पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी झेब्रा आणि बंगालीज हे दोनच योग्य. गोल्डियन फिंच दिसायला सुंदर, पण नाजूक आणि महाग असतो. अनुभव नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

रंगवलेली मुनिया घेऊ नका

आठवडी बाजारात, जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला छोट्या पिंजऱ्यात हिरवे, गुलाबी, पिवळे चिमुकले पक्षी विकायला येतात. "विलायती फिंच आहे" असे सांगितले जाते. प्रत्यक्षात अनेकदा त्या रानातून पकडून रंगवलेल्या आपल्याच मुनिया असतात. ओळखायची खूण सोपी आहे. रंग सगळ्या अंगावर एकसारखा, भडक दिसतो. पिसे एकमेकांना चिकटलेली असतात. चोचीला किंवा पायाला रंगाचे डाग दिसतात. पिंजऱ्यात गर्दी असते आणि माणूस जवळ गेला की पक्षी जाळीवर धडका मारतात. पिंजऱ्यात जन्मलेला झेब्रा फिंच इतका बिथरत नाही.

भारतात आढळणाऱ्या सगळ्या मुनिया, म्हणजे लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया, काळ्या डोक्याची मुनिया, हिरवी मुनिया या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. त्या पकडणे, विकणे आणि घरात ठेवणेही गुन्हा आहे. त्यासाठी दंड आणि तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. लाल मुनियेचा तर व्यापार इतका जुना की तिचे इंग्रजी नाव "अव्हाडाव्हाट" हे अहमदाबाद या शहराच्या नावावरून पडले आहे. तिथूनच हे पक्षी एकेकाळी परदेशी जात. आता तो इतिहास झाला. कायदा केंद्राचा असल्यामुळे बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की वडोदरा, नियम सगळीकडे तोच. "आमच्या राज्यात चालतं" हे विक्रेत्याचे म्हणणे खरे नसते.

अशी मुनिया कुणी दया येऊन विकत घेतली, तर विक्रेता तेवढ्याच आणखी पकडून आणतो. म्हणून विकत न घेता वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. इतर राज्यांत जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात सांगता येते. आधीच घरात अशी मुनिया असेल तर तीही वनविभागाकडेच द्यावी. रंगवलेला, अशक्त पक्षी थेट रानात सोडला तर तो वाचत नाही.

झेब्रा आणि बंगालीज फिंच परदेशी मूळ असलेले, पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले पक्षी असल्यामुळे ते पाळता येतात. मात्र "जावा" नावाने मिळणारी जावा चिमणी आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या सायटिस यादीत आहे. अशा पक्ष्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. २०२४ पासून त्यासाठी स्वतंत्र नियम लागू आहेत. जावा घेण्याआधी विक्रेत्याकडे नोंदणीचा कागद मागावा.

एकटा नको, जोडी हवी

फिंच थव्यात राहणारा पक्षी आहे. पोपटाला माणसाची सोबत पुरते, फिंचला फिंचच लागतो. एकटा ठेवलेला फिंच गप्प होतो, पिसे उपटतो, खाणे कमी करतो. कमीत कमी दोन हवेत. पण ते नर-मादीच असले पाहिजेत असे नाही. पिल्ले नको असतील तर दोन नर किंवा दोन माद्या उत्तम. हा निर्णय दुकानातच घ्यावा, कारण नर-मादीची जोडी आणली की वर्षभरात दोनाचे बारा होतात आणि मग ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडतो.

घेताना पक्षी चपळ आहे का, पिसे अंगाशी चापून बसली आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीखालची जागा कोरडी आहे का, एवढे पाहावे. पिसे फुगवून डोळे मिटून बसलेला पक्षी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

पिंजरा उंच नको, लांब हवा

फिंच आडवा उडतो, पोपटासारखा चढत नाही. म्हणून घुमटाचा उंच, गोल पिंजरा शोभेला बरा, फिंचला निरुपयोगी. एका जोडीसाठी निदान ७५ ते ९० सेंटीमीटर लांबीचा, आयताकृती पिंजरा घ्यावा. गजांमधले अंतर सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. दाण्याच्या खिडक्या वर सरकणाऱ्या असतील तर त्यांना क्लिप लावा. फिंच त्या उचलून बाहेर पडायला लवकर शिकतो.

बसायला सगळीकडे एकाच जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्या नकोत. पेरू, कडुनिंब किंवा आंब्याच्या, औषध न मारलेल्या फांद्या धुऊन, वाळवून लावाव्यात. कमी-जास्त जाडीमुळे पायाला व्यायाम होतो आणि नखे झिजतात. दोन्ही टोकांना एकेक दांडी आणि मधे उडायला मोकळी जागा ठेवावी. दाणा-पाण्याच्या वर दांडी नको, विष्ठा त्यात पडते.

पिंजरा छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकवून ठेवावा. सकाळचे कोवळे ऊन मिळाले तर छान, पण पक्ष्याला सावलीत सरकता आले पाहिजे. दुपारचे ऊन, पंख्याचा किंवा एसीचा थेट झोत, आणि टीव्हीच्या अगदी शेजारची जागा टाळावी. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. मुंग्यांचा त्रास असेल तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. बाल्कनीत पिंजरा ठेवणाऱ्यांनी मांजर, कावळा, उंदीर आणि कोकण-गोव्याकडे साप यांचा विचार करून रात्री पिंजरा आत घ्यावा.

घरातली हवा

पक्ष्याची श्वसनसंस्था माणसापेक्षा फार नाजूक असते. स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. माणसाला त्याचा वासही येत नाही. डासांची कॉइल, मच्छर मारायचा स्प्रे, झुरळाचे औषध, ताजा ऑइलपेंट, परफ्यूम, धूप आणि दाट उदबत्तीचा धूर हेही घातक. घरात पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल तर पक्षी काही दिवस दुसऱ्या घरी हलवावेत.

दिवाळीत फटाक्यांमुळे आणि गणपतीत ढोल-डीजेमुळे फिंच रात्री दचकून जाळीवर आपटतात. त्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत न्यावा, तीन बाजूंनी सुती कापड टाकावे आणि एक मंद दिवा चालू ठेवावा. अंधारात घाबरलेला पक्षी परत दांडीवर बसू शकत नाही.

खाणे : राळा मुख्य, बाकी जोडीला

फिंचचे मुख्य अन्न म्हणजे गवतवर्गीय बारीक धान्य. त्यात राळा सर्वांत चांगला. सीमाभागात आणि परप्रांतात मात्र नाव बदलते. मराठीत राळा, कन्नडमध्ये नवणे, हिंदीत कंगनी, गुजरातीत कांग, तेलुगूत कोर्रलु. वाण्याकडे योग्य नावाने मागितले तर पक्ष्यांच्या दुकानातल्या पाकिटापेक्षा स्वच्छ आणि स्वस्त मिळते. एकच लक्षात ठेवावे : दाणा सालासकट हवा. माणसांच्या खाण्यासाठी सोललेला राळा किंवा उपवासाची वरई चालत नाही. ती लवकर खराब होते. राळ्यात थोडी सालाची वरी आणि किंचित बाजरी मिसळता येते.

एका फिंचला दिवसाला साधारण एक छोटा चमचा दाणा पुरतो. रोज सकाळी वाटी हातात घेऊन हलकी फुंकर मारावी. फोलपटे उडतात, खाली खरे दाणे किती उरले ते दिसते. मग वर नवीन दाणा घालावा. आठवड्यातून एकदा वाटी पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवून भरावी. एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपासही जड जातो. त्यामुळे गावाला जाताना "दोन दिवसांचं टाकून ठेवलंय" असे करू नये, शेजाऱ्यांना किल्ली द्यावी आणि फुंकर कशी मारायची तेही दाखवून ठेवावे.

नुसत्या दाण्यावर फिंच जगतो, पण सशक्त राहत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा बारीक चिरलेली कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर, काकडीची चकती द्यावी. भाजी आधी भरपूर पाण्यात धुवावी, कारण फवारणीचा अंशही या पक्ष्याला बाधतो. मोड आलेला राळा फार आवडतो. मात्र पावसाळ्यात त्याला बुरशी लवकर धरते. दोन-तीन तासांत उरलेला काढून टाकावा. उकडलेले अंडे कुस्करून आठवड्यातून एकदा, आणि पिल्ले असताना रोज द्यावे.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन पिंजऱ्यात कायम टांगलेला असावा. तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेला उचलला तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवून, कडक उन्हात वाळवूनच वापरावा. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, मीठ, फरसाण, बिस्कीट यांतले काहीही देऊ नये.

पिण्याचे पाणी रोज बदलावे, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. आंघोळीसाठी दोन-तीन सेंटीमीटर पाणी असलेली पसरट बशी सकाळी ठेवावी आणि तासाभराने काढावी. संध्याकाळी आंघोळ नको, ओल्या अंगाने रात्र काढली की थंडी बाधते.

हवामान बदलले की

इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडीच्या रात्री कडक असतात. तिथे पिंजऱ्याला तीन बाजूंनी कापड घालून खिडकीपासून दूर ठेवावे. मे महिन्यात तिथेच आणि हैदराबाद, विदर्भाकडे उलट प्रश्न येतो. फिंच चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर त्याला ऊन लागले आहे. पिंजरा लगेच थंड खोलीत न्यावा, प्यायला ताजे पाणी आणि आंघोळीची बशी ठेवावी. बर्फाचे पाणी ओतू नये. बेळगाव, कोल्हापूर, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यातली ओल हा खरा शत्रू आहे. दाणा हवाबंद डब्यात ठेवावा. कुबट वास येत असेल किंवा जाळी धरलेली असेल तर तो सगळा टाकून द्यावा.

घरटे, अंडी, पिल्ले

घरटे दिसले की झेब्रा फिंच अंडी घालतोच. एका वेळी चार ते सहा अंडी, बारा-चौदा दिवस उबवणे, मग सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले घरट्याबाहेर. आणखी दोन आठवडे आई-बाप भरवतात. दोन-अडीच महिन्यांत ती पिल्ले स्वतः अंडी घालायच्या वयाची होतात. म्हणून भावंडे त्याआधी वेगळी करावीत.

घरटे बारा महिने टांगून ठेवले तर मादी एकामागून एक विणी करत राहते. अंगातले कॅल्शियम संपते आणि एक दिवस अंडे आत अडकते. ती तळाशी फुगून बसते, शेपूट खालीवर करते, जोर लावते. अशी मादी काही तासांतही मरू शकते. म्हणून वर्षातून दोन-तीन विणींनंतर घरटे काढून ठेवावे. घरट्यात वाळलेले मऊ गवत द्यावे. कापूस, दोरा, लोकर किंवा लांब काथ्या नको. त्यात पाय अडकून गँगरीन होते.

आजार ओळखायचा कसा

रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या आधी नजरेत येतो. म्हणून फिंच आजार लपवतो. लक्षणे दिसतात तेव्हा उशीर व्हायला लागलेला असतो. रोजच्या पाच मिनिटांत पुढील गोष्टी पाहाव्यात :

• दिवसा पिसे फुगवून, डोळे मिटून बसणे
• दांडीऐवजी तळाशी किंवा दाण्याच्या वाटीत बसणे
• श्वास घेताना शेपूट हलणे, चोच उघडी राहणे, टकटक असा आवाज येणे
• पातळ विष्ठा, शेपटीखाली पिसे चिकटलेली
• रोज गाणारा नर गप्प होणे

यातले काही दिसले तर पहिला उपाय ऊब. पक्ष्याला छोट्या पिंजऱ्यात किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवावे. एका बाजूला बाहेरून ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावावा. एलईडी दिव्याला ऊब नसते. तो नसेल तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी चालते. पक्ष्याला उबेपासून दूर सरकायला जागा हवी. दाणा आणि पाणी त्याच्या तोंडाशी ठेवावे.

मग डॉक्टर. माणसांच्या गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवणे, दुकानदाराने दिलेली बिननावाची पावडर घालणे यांनी जास्त पक्षी जातात. १२ ग्रॅमच्या जिवाला डोस ठरवणे हे अंदाजाचे काम नाही. पक्षी आणण्याआधीच जवळचा पशुवैद्य शोधून ठेवावा. इंदूरकरांना महू, वडोदरेकरांना आणंद, हैदराबादकरांना राजेंद्रनगर आणि साताऱ्याकडच्यांना शिरवळ इथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. इतरांनी जिल्हा पशुवैद्यकीय रुग्णालयात विचारावे. लहान पक्षी तपासतात का, हे आधी फोनवर विचारून घेतले तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

पक्षी रात्री अस्वस्थ असतील, अंग सारखे खाजवत असतील तर लाल माइट म्हणजे पिसवांसारखे बारीक किडे असू शकतात. ते दिवसा फटीत लपतात. रात्री पिंजऱ्यावर पांढरे कापड टाकून सकाळी उलटे करून पाहावे. लाल ठिपके हलताना दिसले तर पिंजरा, दांड्या सगळे उकळत्या पाण्याने धुवावे.

माणसांसाठी दोन गोष्टी

ट्रेमधला कागद रोज बदलावा. पिंजरा साफ करताना विष्ठा कोरडी खरवडू नये. ओली करून पुसावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर पिंजरा झोपायच्या खोलीत नको. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, गुजरातच्या सीमेवर आढळली होती. परिसरात अशी साथ जाहीर झाली तर बाल्कनीतले पक्षी आत घ्यावेत, कबूतर-चिमण्यांशी आणि कोंबड्यांशी संपर्क टाळावा.

आणि कंटाळा आला म्हणून फिंचला "मोकळा" करू नये. पिढ्यान्‌पिढ्या वाटीतून खाल्लेला पक्षी बाहेर दाणा शोधू शकत नाही. एक-दोन दिवसांत तो मांजराच्या किंवा कावळ्याच्या तावडीत सापडतो. सांभाळणे जमत नसेल तर अनुभवी पाळणाऱ्याकडे जोडीनेच द्यावा. घरात असेपर्यंत मात्र रोज सकाळी वाटीवर एक फुंकर आणि पिंजऱ्यासमोर पाच मिनिटे, एवढा नेम चुकवू नये.